दयाळाची शीळ

१२ मार्च १९७९, आर्वी
आजही फुलांसाठी बागेत. सासूबाईंच्या पूजेला अंघोळ केलेल्या घरच्याच माणसाने तोडलेली फुलं लागतात, गड्याच्या हातची चालत नाहीत. देव त्यांचं भलं करो. या घरात आल्यापासून एकटीने उंबरठा ओलांडते ती एवढ्यासाठीच. निंबाच्या शेंड्यावर दयाळ पक्षी. काळा-पांढरा, शेपटी उभी, ऐट गावच्या अध्यक्षाची. बराच वेळ गात होता. मी टोपली घेऊन खुळ्यासारखी उभी.

१९ मार्च
दयाळाने दुसऱ्या नराला पार फाटकाबाहेर हाकललं. मादी करडी. चोचीत काड्या घेऊन दिव्याच्या खांबातल्या भोकात शिरते. घरटंच. उशीर झाला. सासूबाई : "फुलं तोडून राह्यली होती का झाडं लावून राह्यली होती?" हसू दाबलं.

२४ मार्च
जाऊबाई बागेवरून देवळात गेल्या होत्या. घरी येऊन सांगितलं, कोणीतरी शीळ घालत होतं अन् धाकटी वर बघून हसत होती. ऐकून हे लगेच दुकान सोडून घरी आले.
"कोण हाय तो?"
म्हटलं, पक्षी.
"पाखरू असं शिट्या मारते? मले येडा समजली का?"
रडू नाही आलं, राग आला. सगळ्यांचा. दयाळाचासुद्धा.

२५ मार्च
हे सोबत आले, हातात काठी. दयाळ समोर बसलेला, पण मुका. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, आजच्या दिवस बोल. ढिम्म. परतताना यांनी टोपली माझ्या हातातून घेतली. उद्यापासून फुलं हेच आणणार. न्हालेला मुलगा सासूबाईंना चालतो म्हणे.

२ एप्रिल
स्वयंपाकघराची खिडकी मागच्या भिंतीवर उघडते. भिंत, वर पत्रे, बस. जीव गुदमरतो. माहेरी आष्टीला बोलावतील तर... पण कोण पाठवणार.

६ एप्रिल
हे धापा टाकत आले. "खरंच पाखरू हाय वं! शिटी आयकून काठी घेऊन धावलो, त माणूस कुठीच नाई. वर पाह्यलं त हा बहाद्दर!" किती बरं वाटलं काय सांगू. म्हटलं, मग उद्यापासून मी जाऊ?
"मले पटलं. पण गावाले कोण पटवीन?"

२२ एप्रिल
हे आता हाक न मारता उठतात. टोपली घेऊन जातात, उन्हं वर आली की येतात. सासूबाई एका शब्दाने विचारत नाहीत. आज जेवताना रंगात येऊन सांगत होते, खांबातून पिल्लं डोकावून राह्यली, मायबाप सारखे चारून राह्यले.
विचारलं, चोचीत काय होतं? किडा की अळी?
"ते नाई पाह्यलं."
मी असते तर पाहिलं असतं. पिल्लं डोकावू लागली म्हणजे दोन-तीन दिवसांत उडतीलच. म्हटलं, उद्या मलाही न्या. तुमच्यासोबत. तुम्ही असल्यावर गाव काय म्हणेल?
यांनी पोळी मोडली. "पाहू."
मग म्हणाले, वरण वाढ.