उशीतला कापूस

शनिवार, १० मार्च २००१

मला न विचारता सुरेशनं हो म्हणून टाकलं. पोटचा पोरगा, पण तोंड परस्पर चालतं. ह्यांच्या गळवाल्या मित्रांना उद्या धरणावर गळाला लावायला माझाच कणकेचा गोळा पाहिजे. शिंदेभाऊजी दारातूनच म्हणाले, "वहिनी, रीळवाली काठी घेतली, रबरी मासे घेतले, एक रोहू हुंगत नाय!"

रोहू रबर कशाला खाईल? पण नुसती कणीकही पाण्यात गळावरून सुटते. तिच्यात कापूस पिंजून घालावा लागतो, तोही जुना. नवा धरत नाय. म्हणून हे दर शनिवारी स्वतःच्या उशीतून चिमूटभर काढायचे. ह्यांना जाऊन दोन महिने झाले. आज कणीक मळली आणि हात आपसूक त्याच उशीत गेला. मूठभर कापूस उरलाय. रडू आलं नाय. नुसती बसून राहिले, कणीक वाळून गेली.

सुरेश म्हणतो, "आई, चिमूटभर तर लागतो." म्हटलं, मग तुझ्या गादीतला काढ. म्हणे, ती फोमची आहे.

उशीचं तोंड शिवून टाकलं. सकाळी शिंदे आले की मी दाराशी जाणार नाय. 'हो' सुरेशनं सांगितलं, आता 'नाय'ही त्यानंच सांगायचं.