मधल्या भिंतीतलं दार

लष्कर, ग्वाल्हेर
अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार

प्रिय अनसूया,

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. चार वेळा वाजला आणि चारही वेळा मी समोर बसून तो वाजताना बघितला. फोनवर मला तुझ्याशी खोटं बोलता येतं, हे परवा कळलं, म्हणून आज कागद घेतला. अक्षर तिरकं होतंय, सांभाळून घे. इंदूरला लेकीकडे म्हणे रोज जिने चढतेस. इथे होतीस तेव्हा माझ्याकडे यायला तुला दहा पावलं जड व्हायची. आपल्या मधल्या भिंतीतल्या त्या दारातून सगळी ये-जा मीच करायची.

तीस वर्षं माझ्या गणपतीच्या पत्रीतली शमी, जाई आणि डाळिंब तुझ्या अंगणातून आली. एकदा परडी घेऊन परत येत होते, तेव्हा आमचे हे व्हरांड्यात लॉ कॉलेजच्या मुलांना टॉर्टचा, म्हणजे नुकसानभरपाईचा, कायदा शिकवत होते. मला बघून म्हणाले, हा बघा ट्रेसपास चालत आला. दुसऱ्याच्या जमिनीवर हक्क नसताना नुसतं पाऊल टाकलं तरी तो होतो, काही मोडायला लागत नाही, आणि चुकून टाकलं म्हणूनही सुटका नाही. यांना शेजारणीची परवानगी आहे म्हणून वाचल्या. पण परवानगी म्हणजे मालकी नव्हे, देणारा ती केव्हाही काढून घेतो. मुलं हसली, मीही हसले. तू आणि परवानगी काढून घेणार!

तू नाही काढलीस. पण घर लेकाच्या, केदारच्या नावावर केलंस आणि तो गुडगावहून इथे राहायला आला. जूनमध्ये मी सवयीनं दार ढकललं, तर तो अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, यापुढे इकडून नका येऊ, प्लीज. सिक्योरिटी का मामला है." दुसऱ्या दिवशी दाराला तार गुंडाळलेली होती आणि वर कॅमेरा होता. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याचं घर, त्याचं दार. पण माझ्या हातचा वरणभात खाऊन मोठा झालेला मुलगा तो. मला लागलं, आणि चांगलंच लागलं.

गणपतीच्या सकाळी गुरुजी साडेआठला यायचे होते आणि परडीत शमी नव्हती. केदारची बेल वाजवून दोन पानं मागायची, एवढंच करायचं होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. तू गेल्यावर माझ्याकडे लीलाताई स्वयंपाकाला येतात. पंचावन्नच्या असतील, किला गेटहून टेम्पोनं येतात. पणजोबा फौजेत होते हे पहिल्याच दिवशी सांगितलं, कामाचं नंतर विचारलं. त्यांना म्हटलं, तार सोडवा आणि पलीकडून शमी घेऊन या. त्यांनी हातातली पोळी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "विचारलंय ना त्यांना?" मी म्हणाले, हो.

पुढचं तुला केदारनं सांगितलंच असेल. दुपारपर्यंत लीलाताई कॉलनीच्या ग्रुपवर होत्या, तार सोडवताना, ओच्यात पानं घेताना. खाली कुणीतरी लिहिलं, फूलचोर. संध्याकाळी केदार माझ्याकडे आला. मोदक खाल्ला आणि विचारलं, तुम्ही पाठवलं होतं का? अनसूया, ह्यांचा नोकर-मालकाचा धडाही मला तोंडपाठ आहे. नोकर मालकाच्या कामावर असताना जे करतो, त्याची भरपाई मालकानं द्यायची. मालक सुटतो कधी, तर नोकर आपल्याच मनानं, आपल्याच कामाला गेला असेल तेव्हा. तीस वर्षं चहाचा ट्रे धरून ऐकलेल्या कायद्यातली नेमकी तेवढीच पळवाट मला त्या क्षणी आठवली. मी म्हणाले, "मला काय माहीत बाबा, त्यांच्या मनानं गेल्या असतील."

लीलाताई आणखी दोन घरांत स्वयंपाक करत, ती दोन्ही कामं सुटली. त्यांना केदारच्या वकिलाची नोटीस आली आहे: शुक्रवारी कॉलनीच्या समितीपुढे लेखी माफी मागा, नाहीतर दावा लावू. माझ्याकडे मात्र त्या रोज येतात, कणीक मळतात, वेळेवर जातात. मला वाटायचं, भांडतील तरी. काल ओट्याला पुसणं मारता मारता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काकू, मी तर तुम्हाला विचारूनच गेले होते. आता सही करून टाकते, काय करणार." मी देवाला दिवा लावायला आत गेले. लाज वाटली, आणि लाज वाटूनही रात्री त्यांच्याच हातची पोळी खाल्ली. माझ्या वयाच्या बाईनं याहून खाली काय उतरायचं ते मला सुचत नाही.

परवा तू फोनवर म्हणालीस की पद्मा, तू यात पडू नकोस, केदारला मी समजावते, माफी झाली की चार दिवसांत सगळे विसरतील. तुला संशय आला होता, मला वाचवायला निघाली होतीस. आणि मी तुलाही सांगितलं, अगं, मी कुठे पाठवलं त्यांना! मला वाचवू नकोस. केदारच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन परत आले आहे. शुक्रवारी समितीपुढे उभी राहीन असं ठरवते, पण माझा मला भरवसा नाही. पोस्टात दिलेलं पत्र मात्र मला परत घेता येणार नाही. म्हणून हे तुला स्पीड पोस्टानं पाठवते आहे. वाचून झालं की याचा फोटो केदारला पाठव, शुक्रवारच्या आत. पुढच्या ओळी त्याच्यासाठी आहेत. मी, पद्मा माधव दिवेकर, लिहून देते की लीलाताईंना तुझ्या अंगणात मी पाठवलं. परवानगी घेतली आहे असं त्यांना मी खोटं सांगितलं. माफी मला मागायची आहे, त्यांच्याकडून सही घेऊ नकोस. आणि समितीपुढे मी पुन्हा नाही म्हणाले, तर हा कागद सगळ्यांना वाचून दाखव.

ठेवशील तर तुझीच,
पद्मा