तुझा निबंध, माझं नाव

प्रिय ताई,

'प्रिय' लिहिताना हात जरा अडला, खरं सांगते. तुला जाऊन अडीच महिने झाले आणि तुझ्या नावाने माझ्या पोटात अजून दुखतंच आहे. माणूस गेलं की हे सगळं निवळतं म्हणतात. माझं नाही निवळलं!

आज शनिवार. दुपारचे तीन वाजलेत, कूलर घरघरतोय आणि पलीकडच्या खोलीत जुई लॅपटॉप घेऊन बसली आहे. इंग्रजी साहित्याच्या पेपरसाठी तिला निबंध लिहायचाय. आपल्या शहरातल्या कुणा अपरिचित माणसाचं लेखन शोधायचं आणि त्यावर लिहायचं. सोमवारी द्यायचा आहे. तिने कुणाला निवडलंय, सांगू? मला. म्हणजे माझ्या नावाने छापलेल्या तुझ्या निबंधाला. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? म्हणून लिहायला बसले.

गेल्या रविवारी आम्ही दोघी शहराच्या दुसऱ्या टोकाचं, नगरा मोहल्ल्यातलं तुझं घर आवरायला गेलो होतो. मी स्वयंपाकघरात भांडी बांधत होते आणि जुई तुझ्या पुस्तकांच्या कपाटाशी होती. तिथून ती ओरडली, "आई! ये तुमने लिखा है?" जाऊन बघते तर हातात कॉलेजचा जुना वार्षिक अंक. तू तो कपाटात ठेवलाच कशाला गं? इतकी वर्षं? रद्दीवाला काय नगऱ्यात येत नव्हता?

तिथेच फरशीवर मांडी घालून तिने तो पूर्ण वाचला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. असं ती तुझ्याकडे बघायची, ताई. माझ्याकडे कधीच नाही. "तुम तो मावशी से भी अच्छा लिखती थीं!" म्हणाली.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं ना? मी म्हणाले, "हो गं, कॉलेजात असताना लिहायचे थोडंफार."

थोडंफार! मी आयुष्यात इंग्रजीचं एक उत्तर स्वतःच्या मनाने लिहिलेलं नाही. परीक्षा जवळ आली की बड़ा बाज़ारातून कुंजी, म्हणजे तयार उत्तरांचं गाईड, आणायची, माळ्यावर बसून घोकायची आणि पेपरात ओतायची. कवितेत काय आहे ते कवितेत बघायची मला कधी गरजच पडली नाही. मार्क तर तुझ्याइतकेच मिळायचे. मग तुझंच कौतुक का, हा माझा सवाल होता.

का ते आता कळतं. तुझी पद्धतच वेगळी होती. इंग्रजी निबंध असला तरी कागदाला हात लावण्याआधी तू तो सगळाच्या सगळा आईला मराठीत सांगायचीस. आई गहू निवडत बसलेली आणि तू समोर पाटावर. तिला इंग्रजीचा गंध नव्हता, पण ती मध्येच विचारायची, "कशावरून म्हणतेस?" आणि तू ते वाक्य पुन्हा नव्याने जुळवायचीस. जिथे तिला जांभई येई तो परिच्छेद तू खोडायचीस. मी दारात मटार सोलत ऐकायचे. मटार संपले तरी उठायचे नाही. एकदा मीही माझं कुंजीतलं उत्तर आईला सांगायला बसले, तर ती म्हणाली, "वैजू, हे तुझं तुला तरी कळलंय का?" अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. आईचा राग नाही आला. तुझा आला!

तू एम.ए.ला आणि मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना कॉलेजची निबंध स्पर्धा आली. तुझा निबंध वहीत तयार होता आणि तुला टायफॉईड झाला. मुदत संपायला दोन दिवस. तू तापात पडलेली, वही उशाशी. मी ती उचलली, माझ्या अक्षरात उतरवली आणि माझं नाव घातलं. घराबद्दलचाच निबंध होता तो. घरात मराठी, गल्लीत बुंदेली आणि पुस्तकात इंग्रजी, यात वाढणाऱ्या मुलीचा. त्यात एक धाकटी बहीण होती. मला धाकटी बहीण नाही हे सगळ्या कॉलेजला ठाऊक, म्हणून जिथे जिथे 'धाकटी बहीण' आलं तिथे मी 'कझिन' लिहिलं. ती कझिन काय करते, कशी आहे, हे वाचलंसुद्धा नाही. कुंजी उतरवायचा हात तो, शब्द बघतो आणि पुढे जातो.

पहिलं बक्षीस! बाबा वर्कशॉपमधून पेढे घेऊनच आले. चुलत्यांना भुसावळला फोन झाला. मग म्हणाले, "वाच बघू. आणि आईला मराठीत सांग." तू नुकती उठून बसायला लागली होतीस, अंगावर शाल, हातात भाताची पेज. मी वाचत गेले, अडखळत सांगत गेले. तिसऱ्या वाक्यालाच आईचे गव्हातले हात थांबले. तिने हा निबंध ऐकलेला होता! तिने माझ्याकडे बघितलंच नाही. तुझ्याकडे बघितलं आणि तू मान हलवलीस. गप्प राहा म्हणून. पहिलं पान संपताच मी पेढे वाटायच्या निमित्ताने उठले, पुढचं कधी वाचलंच नाही.

ताई, का? एक थोबाडीत मारली असतीस तर मी रडले असते, माफी मागितली असती आणि सुटले असते. अंक छापून आला तेव्हा पान बघून तू एवढंच म्हणालीस, "छपाई बरी केलीय." बस्स. पुढे तू शिकवायला लागलीस. पार टहरौली गावापासून मुली तुझ्याकडे निबंध दाखवायला यायच्या, मी चहा टाकायचे आणि वाट बघायचे, आज बोलेल, आज बोलेल. तू बोललीच नाहीस. इतका मोठेपणा कुणी सांगितला होता? मला तुझं हे मोठेपणच सगळ्यात जास्त खुपतं.

आणि मग जुईसुद्धा घेतलीस! माझी एकुलती एक पोर. दर रविवारी स्कूटीवर तुझ्याकडे पळायची, हातात असाइनमेंट. मी म्हणायचे, मला दाखव की. तर, "आई, रहने दो, मावशी को सुनाना है." माझ्याशी चोवीस तास हिंदी. आणि एकदा तुझा डबा द्यायला आले तर खिडकीतून काय ऐकू यावं? मोडकंतोडकं, अडखळत, पण मराठी! "मावशी, ही बाई जी आहे ना कहाणीत, तिला राग येते, पण ती बोलत नाय." आणि तू, "कशावरून म्हणतेस?" मी डबा पायरीवर ठेवला आणि बेल न वाजवता परत आले. माझ्या मुलीला माझी भाषा बोलायला तुझ्या घरी जावं लागत होतं.

तर हा आठवडा माझा होता. ऐकतेस ना? सहा दिवस माझे! जुई येऊन माझ्याजवळ बसते. मैत्रिणींना फोनवर सांगते, "मेरी आई राइटर थीं यार." विचारते, हे वाक्य कसं सुचलं, हे का खोडलं नाही. मी काहीबाही सांगते आणि मनात म्हणते, बघ ताई, आली की नाही माझ्याकडे!

काल तिने एक तुकडा मोठ्याने वाचला. या वयात आता मी तो पहिल्यांदा ऐकला. त्यात लिहिलंय, 'माझ्या कझिनला माझ्या वस्तू नको असतात. तिला माझ्याकडे बघणारी माणसं हवी असतात. मी ती देऊन टाकली असती, पण माणसं कशी द्यायची ते मला येत नाही.'

"आई, ये कज़िन कौन थी?" जुई म्हणाली. "बेचारी! पूरे एस्से में सबसे सच्ची वही है. मैं उसी पर दो पेज लिख रही हूँ."

मी म्हणाले, "होती एक. आता संबंध नाही." आणि उठून कपडे आणायला गच्चीवर गेले. कपडे वाळलेले नव्हते.

तुला सगळं माहीत होतं. वीस-बावीस वर्षांची होतीस आणि मला आरपार बघून लिहून ठेवलं होतंस. मी ते चोरलं, स्वतःच्या हाताने उतरवलं, स्टेजवर जाऊन बक्षीस घेतलं, आणि आपल्याबद्दल काय लिहिलंय ते मला आता पोरीच्या तोंडून कळतंय. याहून मोठी अद्दल काय असणार? ती तरी तू शिक्षा म्हणून दिलीस का? नाही. म्हणून आणखी जीव जळतो.

गप्प बसणं सोपं आहे, ताई. तू नाहीस, आई-बाबा नाहीत. कॉलेजातही तेव्हाचं कुणी उरलं नसेल. जुईचा निबंध जाईल, मार्क मिळतील आणि मी जन्मभर तिची लेखिका आई राहीन. पण ती माझ्यासारखी कुंजी उतरवत नाही. एकेक वाक्य तपासून, विश्वास ठेवून लिहिते आहे आणि त्यातलं मूळच खोटं आहे. तुझ्याकडून घेतलं ते मी पचवलं. तिच्या निबंधात ते माझ्याच्याने जाऊ देववत नाही.

म्हणून वचन देते. हे पत्र संपलं की तिला हाक मारणार, समोर बसवणार आणि हे सगळं तिला वाचून दाखवणार. मराठीतच, एक शब्द न गाळता. सोमवारच्या आत तिने पानावरचं नाव बदलावं, निबंधही बदलायचा तर बदलावा. आणि ऐकून झालं की ती रडेल. कुणासाठी रडेल, तेही मला आत्ताच माहीत आहे. तरी वाचीन.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
वैजू