न ऐकता दिलेला होकार

भुईगाव,
रविवार, मिस्सा आटोपून आल्यावर

ती. ऑस्करदादा,

फेबियनचा आणि ज्युलीचा सप्रेम नमस्कार. देवाच्या दयेनं आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? नाशिकच्या थंडीत ते फार कुरकुरतात असं तुमचा कॅल्विन म्हणाला. रक्तातली साखर आटोक्यात आहे ना? हे मी सप्टेंबरात, चर्चमधल्या माउलीच्या सणाला, फोनवरही विचारलं होतं. मी विचारलं, "साखर किती?" तुम्ही म्हणालात, "दोन चमचे." मला ते "उत्तम आहे" असं ऐकू आलं, म्हणून मी म्हणालो, "देवाची कृपा." मग तुम्ही सूनबाईंना माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलंत. तुमची बहीण ज्युली शेजारी बसून हे सगळं ऐकत होती. त्या दिवसापासून तिनं आपल्या दोघांना एकमेकांशी फोनवर बोलू दिलेलं नाही, म्हणून हे पत्र.

आता मूळ गोष्ट. आपली स्टेफी, तुमची भाची, जानेवारीत लग्न करते आहे, असं तुमच्या कानावर आलं असेलच. (तुमच्या कानावर म्हणजे सूनबाईंच्या.) मुलगा विघ्नेश. तिच्याच बँकेत आहे, विरारला फ्लॅटमध्ये राहतो, माणसं मूळची मालवणकडची, हिंदू. मी ही सोयरीक कशी काय मान्य केली, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. दादा, तोच प्रश्न मलाही पडला होता, आणि मुलाचे आईवडील आमच्या ओटीवर पेढे ठेवून गेल्यावर पडला होता.

झालं असं. ऑक्टोबरात एका संध्याकाळी मी वाडीत केळींना पाणी लावत होतो. विहिरीवरचा पंप तुम्हाला माहीत आहे, त्याच्या आवाजात शेजारच्या वाडीतली माणसंही ओरडून बोलतात. स्टेफी आली, माझ्यापासून जरा लांब उभी राहिली आणि काहीतरी बोलली. शेवटचं "करू का?" एवढं मला कळलं. पुष्कळ वेळ पंप चालू होता, पाणी पाटाबाहेर निघालं होतं, तेव्हा पोरगी पंप बंद करू का विचारते आहे, हे उघड होतं. मी म्हणालो, "कर की! विचारायचं काय त्यात? आणि आत्ताच कर. जास्त वेळ ठेवलं तर जळून जाईल!"

पोरगी धावत आली आणि मला मिठी मारून रडायला लागली. पंपासाठी कुणी इतकं हळवं होतं का, असं मला वाटून गेलं. पण आजकाल बँकेत कामाचा ताण फार असतो म्हणतात. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पंप मीच बंद केला. (तो तिनं बंद केलाच नव्हता. तिथंच मला शंका यायला हवी होती.)

पुढच्या रविवारी विघ्नेश त्याच्या आईवडिलांना घेऊन आला. ज्युलीनं नवा टेबलक्लॉथ काढला, तेव्हा केळींचं कुणीतरी मोठं गिऱ्हाईक आलं आहे असं मी समजलो. त्याचे वडील अगदी हळू बोलणारे, आईच्या तोंडाशी सारखा पदर. अशा वेळी मी काय करतो ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही तेच करता. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, तो हसला की हसायचं, तो गंभीर झाला की "खरं आहे" म्हणायचं आणि मधून मधून मान हलवायची. यावर मी तीन वर्षं निभावलं होतं. त्या दिवशीही निभावलं. जानेवारी, असं काहीतरी निघालं, मी मान हलवली. आधी चर्चमध्ये, मग त्यांच्याकडच्या पद्धतीनं (हे मला नंतर कळलं), मी मान हलवली. ती मंडळी समाधानानं गेली. मी ज्युलीला विचारलं, "शेवटी किती घड घेतो म्हणाले?"

ज्युली खुर्चीत बसली. मग तिनं मला सगळं सांगितलं, मोठ्यानं. शेजारची जॉयस भांडण सोडवायला कुंपणापर्यंत आली.

मी भडकलो, दादा. मी कधी हो म्हटलं, असं ओरडलो. स्टेफी दारातच उभी होती. ती ओरडली नाही. तिचे ओठ मला दिसत होते, म्हणून तिचं बोलणं कळलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही ऐकलंच नव्हतं?" ती आईकडे वळली आणि आणखी काहीतरी म्हणाली. ते मला कळलं नाही, ज्युलीकडून काढून घ्यावं लागलं. ती म्हणाली होती, "मला वाटलं होतं, पपा निदान एकदा तरी माझं नीट ऐकून घेतील." त्यानंतर पोरगी घरात असून माझ्याशी मोबाइलवर मेसेज पाठवून बोलायला लागली. जेवायला या. औषध घ्या. बस.

मी अंथरुणावर पडून विचार केला. लग्नाला हो म्हणायचं की नाही, ते नंतर. आधी तिनं काय विचारलं ते मला माझ्या कानांनी ऐकायचं आहे. मग जे काय उत्तर असेल ते माझं असेल, पंपाचं नसेल. सकाळी उठून ज्युलीला म्हणालो, चल, कानाच्या डॉक्टरकडे. आठवडा, महिना, काय लागेल ते लागू दे.

आधी वसईत डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं. मळ निघेल अशी माझी मोठी आशा होती. (तुम्हीही तेच म्हणता, तेल घालून ठेवलं की सुटेल. दादा, ते तेल कालवणात घाला, कानात घालू नका.) कान स्वच्छ निघाले, पडदेही शाबूत. मग त्यांनी क्षितिजा नावाच्या मुलीकडे पाठवलं. ती ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी. तिनं मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेतून तिचा हात दिसत होता. तो हलला की मी दाबायचो. माझी तपासणी फारच उत्तम चालली होती. मग ती आत आली, माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि म्हणाली, "काका, आता परत."

निकाल असा की, जाड आवाज मला बऱ्यापैकी येतात, बारीक आवाज जवळजवळ गेले आहेत. म्हणून माणूस बोलतो आहे हे कळतं, काय बोलतो आहे ते कळत नाही. स, श, फ असली अक्षरं बारीक असतात, ती मधल्यामध्ये गळतात. उरतात नुसते काना-मात्रा. ती म्हणाली, "लोक पुटपुटतात असं वाटतं ना?" मी म्हणालो, पुटपुटतातच. ज्युली हसली, ते मला ऐकू आलं नाही, पण दिसलं.

मग तिनं विचारलं, कधी मोठ्या आवाजात काम केलं आहे का? मी म्हणालो, छे, शाळेत कारकून होतो. ज्युली म्हणाली, "आणि बँड?" दादा, तुम्ही ट्रम्पेट फुंकायचात आणि मी तुमच्या मागं उभा राहून मोठा ढोल बडवायचो. नंदाखालपासून गासपर्यंत एक लग्न आपण सोडलं नाही. क्षितिजानं सांगितलं, कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, सततच्या मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. वरून वय आहेच. काहींचे कान साखरेनं, काहींचे काही औषधांनी, काहींचे लहानपणी वाहिल्यानंही बिघडतात, पण माझ्या निकालावरची रेष पाहून ती म्हणाली, यात ढोलाचा वाटा मोठा आहे. मी विचारलं, ढोलाच्या पुढं उभ्या असणाऱ्याचं काय? ती म्हणाली, त्यांनाही घेऊन या.

दोन्ही कानांना यंत्रं बसली. चष्मा लावला की दिसतं तसं यंत्र घातलं की ऐकू येईल, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. पहिल्या दिवशी रिक्षात बसलो आणि जगच अंगावर आलं. घरी फ्रिज घुमतो हे मला ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्राचं पान उलटलं की कुणी पत्रा ओढल्यासारखं वाटायचं. माझ्याच तोंडातला कांदा मला ऐकू येत होता. ज्युलीला मिठी मारायला गेलो तर कानात शिट्टी वाजली. (ती म्हणाली, देवालाही मंजूर नाही.) रविवारी चर्चमध्ये प्रवचन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ते इतकं लांब असतं याची मला खरोखर कल्पना नव्हती.

तिसऱ्या दिवशी यंत्रं काढून डबीत टाकली. क्षितिजाला फोन केला, म्हणालो, यापेक्षा बहिरा बरा. ती म्हणाली, कानापेक्षा मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. तो हे आवाज विसरला आहे, त्याला परत शिकवावं लागतं. रोज थोडं थोडं वाढवा, बंद ठेवून काही होणार नाही, दर आठवड्याला या, मी आवाज जुळवून देईन. मी पुन्हा घातली. सकाळी शांत घरात, दुपारी ज्युलीशी, संध्याकाळी समुद्रावर सुरूंच्या झाडांखाली. तिथला वारा इतका बोलतो, ते मी विसरून गेलो होतो. डोकं दुखलं तरी सोडलं नाही. ज्युली म्हणाली, एवढी चिकाटी ढोलाऐवजी अभ्यासात दाखवली असती तर हेडमास्तर झाला असता. हेही मला स्वयंपाकघरातून स्पष्ट ऐकू आलं.

मग एका संध्याकाळी स्टेफीला वाडीत बोलावलं. पंप बंद ठेवला. क्षितिजानं सांगितलं होतं, आजूबाजूचा आवाज कमी करा, तोंडासमोर बसा. विहिरीच्या कठड्यावर तिला समोर बसवलं आणि म्हणालो, "आता विचार."

"काय विचारू?"

"तेच. जे मी ऐकलं नाही."

मग ती म्हणाली, "पपा, मी विघ्नेशशी लग्न करू का?" त्यातला श मला दोनदा ऐकू आला. पोरीचा आवाज बदलला आहे, दादा. माझ्या डोक्यात अजून शाळेतला आवाज होता. ही बाईच्या आवाजात बोलत होती, आणि तो आवाज थरथरत होता. हे मला पहिल्या वेळी कळलंही नव्हतं.

मी लगेच हो म्हटलं नाही. जे विचारायचं होतं ते सगळं विचारलं. तुझा धर्म? पोरांचा बाप्तिस्मा? त्यांच्या घरी गणपतीत तू काय करशील? तिनं एकेकाचं उत्तर दिलं, काही मला पटली, एक अजून पटलेलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही भांडलो. इतकं छान भांडण आमच्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं, कारण दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत होतं. शेवटी मी म्हणालो, "कर." यावेळी पंपाला नाही, लग्नालाच म्हणालो.

पत्र लांबलं. सूनबाईंना आशीर्वाद, कॅल्विनला विचारलं म्हणून सांगा. नाताळला या, ज्युली फुगे तळणार आहे, सोबत इंदियालचं कालवण.

आपला,
फेबियन

ता.क. – मामाच्या संमतीवाचून आमच्या घरात लग्न होत नाही, आणि ही संमती तुम्ही प्रश्न ऐकून द्यावी असा माझा हट्ट आहे. तुम्ही हे वाचाल त्याच दिवशी, मंगळवारी, नाशिकमध्ये तुमच्या कानांची तपासणी ठरवली आहे. सूनबाईंना माहीत आहे. तुमच्या घरात हे फक्त तुम्हालाच माहीत नव्हतं. गुडघ्याचं कारण चालणार नाही, गाडी दारात आहे.

आणखी ता.क. – पत्र पोस्टानं पाठवलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. जो मुलगा ते घेऊन आला आहे आणि तुम्ही ही पानं वाचत असताना समोर उभा आहे, तोच विघ्नेश. गाडी त्याचीच. त्याला काही खायला द्या. मोठ्यांनी बस म्हटल्याशिवाय तो बसत नाही.