मूर्खाची रेघ

२ मार्च, गुरुवार
ईस्टरआधीच्या उपवासात गेल्या वर्षी चॉकलेट सोडलं होतं. यंदा बढाई मारणं सोडलं. पन्नाशी आली, आता शोभत नाही.
आजपासून हॉइटच्या गॅरेजमधल्या क्लबात पिस्तूलदुरुस्ती शिकणार. सासरेबुवांनी त्यांचं जुनं पिस्तूल हातात दिलं. म्हणाले, जावईबापू, माझ्या वाढदिवसापर्यंत साफ करून नीट जोडून आण, मग ते तुझं. नाहीतर डार्लीनचं. (बायकोला वडिलांकडून सगळं आयतंच मिळतं.) मी म्हटलं, वाढदिवसाला अजून दोन आठवडे आहेत, त्याआधीच आणतो. (ही बढाई नाही. अंदाज.)

९ मार्च, गुरुवार
पिस्तूल सुटं केलं. हॉइट म्हणाला, स्प्रिंगवर बोट दाबून धर, लेका. मी आधी देवाचं नाव घेत होतो, त्यात उशीर झाला. स्प्रिंग छताला लागून कॉफीच्या भांड्यात पडली. सगळे हसले. त्यांच्यासाठी प्रार्थना केली.
हॉइटने बजावलं, जोडताना बाजूची खीळ सरळ आत घाल. तिची दांडी वाकडी फिरली की पिस्तुलाच्या अंगावर कमानीसारखा ओरखडा उठतो. त्याला इथे मूर्खाची रेघ म्हणतात. जो ओढेल त्याने पुढच्या गुरुवारी सगळ्यांना डोनट आणायचे. क्लब सासरेबुवांनी काढला, नियमही त्यांचाच. चांगला आहे. निष्काळजी लोकांना धाक हवाच.

१२ मार्च, रविवार
चर्चहून आल्यावर एकटाच जोडायला बसलो. डार्लीन म्हणाली, हॉइटला बोलाव. म्हटलं, संत जोसेफही सुतारकाम एकटाच करायचा. ती म्हणाली, त्याचा चष्मा दर वेळी फ्रिजमध्ये सापडत नसेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जोडलं. चालतंय.

जेवणानंतर
रेघ आहे. बारीक. उजेड असला तरच दिसते. सासरेबुवांनी इतकी वर्षं वापरलं, एक ओरखडा नव्हता.

१६ मार्च, गुरुवार
क्लबला गेलो नाही. घसा. खरंच जरा कोरडा होता. रेघेत काळा मार्कर भरला. ही फसवणूक नव्हे. चर्चमधल्या मूर्तींनाही आपण रंग देतोच.

१८ मार्च, शनिवार
सासरेबुवांचा वाढदिवस. केक कापून झाल्यावर पिस्तूल दिलं. त्यांनी आधी रिकामं आहे ना पाहिलं, मग वरचा भाग मागेपुढे सरकवला. म्हणाले, वा, लोण्यासारखं चालतंय. मी नम्रपणे मान खाली घातली.
मग त्यांचा अंगठा नेमका तिथे गेला. काळा झाला. त्यांनी तो पेपर नॅपकिनला सावकाश पुसला. हॉइट केकचा तुकडा उगाच उलटसुलट करत बसला.
पिस्तूल डार्लीनच्या हातात देत म्हणाले, बाळ, हे तू ठेव. मग माझ्याकडे वळून म्हणाले, घसा बरा झाला की गुरुवारी ये. मला चॉकलेटवाला आवडतो.

१९ मार्च, रविवार
प्रार्थनेत मन लागलं. बरंच हलकं वाटतंय. डोनट घरीच तळायचे ठरवले, विकतचे नेणं बरं दिसत नाही. पीठ मळून तेलात सोडायचं, त्यात शिकण्यासारखं काय आहे?
डार्लीनने पिस्तुलाच्या कपाटात कढईही ठेवली आणि कुलूप लावलं.