एका गुडघ्याचे दोन नवस

॥ श्री भगवती प्रसन्न ॥
कोल्हार, २० सप्टेंबर १९९६

ती. सौ. वन्सं यांना गीताचा शिरसाष्टांग नमस्कार. नाशकाला तुमच्या सगळ्यांच्या तब्येती देवीच्या कृपेने चांगल्या असतील. इकडची खुशाली पद्धत म्हणून लिहिते, घरात ती कुठे दिसत नाही.

नागपूरच्या बास्केटबॉलच्या सामन्यात तुमच्या बंधूंनी उंच उडी मारली, खाली येताना दुसऱ्याच्या बुटावर पाय पडला आणि गुडघ्यातली दोरी तुटली, एवढं तुम्हाला कळलंच आहे (डॉक्टर तिला लिगामेंट म्हणतात, तुटल्यावर नाव कळून काय उपयोग). पलंग पुरत नाही म्हणून पायांखाली बाजरीच्या पिठाचा डबा लावला आहे. रोज भाकरीला पीठ लागलं की आधी पाय उचलायचे. भेटायला येणारे सुतकाला आल्यासारखे बसतात. शेजारच्या बनुबाईंनी तर, जरा उभं राहता येत असेल तर आमच्या माळ्यावरची परात काढून द्या, असा निरोप धाडला. भिमाजी तात्यांनी विचारलं, एवढ्यांचे पाय मोडतात तर ती जाळी खाली का बांधत नाहीत. पूर्वी अशा बोलण्यावर हे दिवसभर हसले असते. आता नुसते आढ्याकडे बघतात.

कंपनी ह्यांना खेळण्याचाच पगार देते, हे लग्न झाल्यापासून मी गावाला समजावते आहे. (टोपलीत चेंडू टाकायचा पगार मिळतो, यावर अजून कोणाचा विश्वास नाही.) आता कंपनीचं पत्र आलं आहे की दिवाळीच्या आत ऑपरेशन करून घ्या, पुढच्या वर्षी संघात घ्यायचं बघू, नाहीतर नगरच्या गोदामात हजेरी मांडायचं टेबल आहे. पुण्याचे डॉक्टर तयार आहेत. हे मात्र तारीख घेत नाहीत.

म्हणून मी देवीला नवस बोलले, गुडघा बरा करून ह्यांना मैदानात उभं कर, पाच सवाष्णी जेवू घालीन (वरणभातावर नाही, पुरणाच्या). आणि मंगळवारी कळलं की आत्याबाईंनी (तुमच्याच मातोश्रींनी) गेल्या वर्षीच त्याच देवीला नवस बोलला आहे. लेकाचं खेळणं सुटून तो घरी येऊ दे, म्हणजे तो नदीपासून देवळापर्यंत दंडवत घालीत येईल. त्या म्हणतात, देवीनं ऐकलं, आता नवरात्रात फेडायचा. मी विचारलं, न वाकणाऱ्या गुडघ्यानं दंडवत घालायचे कसे. तर म्हणाल्या, "लांब हाय त्यो. चार दंडवतात पोचंल."

वन्सं, घर एक, देवी एक, गुडघा एक. त्यात माझा नंबर मागून लागला. नवस फेडला की देवीच्या दरबारी मामला मिटला, मग पुण्याच्या डॉक्टरांनी काय करायचं? ह्यांच्या कानावर मी काही घातलेलं नाही. जन्मदात्या आईनं असं मागितलं हे ऐकून माणूस कोसळेल, आणि तोही एवढ्या उंचीवरून. मुलांना गोड पापा.

तुमची,
सौ. गीता

ता. क. खरं काम राहिलंच. आत्याबाईंना नवरात्राआधी तुमच्याकडे बोलावून घ्या, म्हणजे इकडे ऑपरेशन उरकेल. काहीतरी दुखतंय म्हणून कळवा. गुडघा सोडून काहीही चालेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत ह्यांनी पत्र मागितलं (बहिणीला चार ओळी लिहितो म्हणाले) आणि सगळं वाचलं. मग म्हणाले, "तो नवस मीच आईला बोलायला लावला." नागपूर सोडलं तर वर्षभर त्यांना बाकावरच बसवत होते. नवी पोरं आली आहेत. कंपनीचं ते 'बघू' म्हणजे नाहीच, हे त्यांना ठाऊक आहे. "संघातनं काढलं, असं गावाला सांगू का? देवीनं घरी आणलं म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही."

मी म्हटलं, मग आता टेबलावर बसणार? त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा आत्याबाईंना बोलावू नका, तुम्हीच या. दंडवताला ह्यांना एका बाजूनं मी उठवीन. दुसऱ्या बाजूला आत्याबाईंचा हात पोचत नाही.