टोर्केलची साक्ष

प्रिय सिव्हर्ट,

बावीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट चुलीत टाकायला निघशील. थांब. काम आस्लाउगचं आहे. तुझ्या लेकीची एकशे साठ एकर जमीन जायच्या बेतात आहे. सरकारने दिलेल्या त्या माळावर ती पाच वर्षं राहिली, विहीर खणली, गहू काढला. पण गेल्या वर्षी सात महिने ती तिथे नव्हती, असा अर्ज कोणीतरी केलाय. सुनावणी तेवीस तारखेला. ती माझ्या कचेरीत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "बाबांना लिहू नका, टोर्केलकाका. तुमचं नाव काढलं तरी ते ताटावरून उठतात." चेहरा तिच्या आईचा, गुन्हिल्डचा; हट्ट तुझा.

तिला आपल्या मातीच्या घराची गंमत सांगितली. जमीन नावावर व्हायची तर पाच वर्षं ज्याने त्याने आपल्याच जमिनीवर झोपायचं, हा सरकारी नियम. म्हणून आपण दोघांत मिळून बरोबर हद्दीवर एकच घर बांधलं. तुझी खाट तुझ्या जमिनीत, माझी माझ्या. चूल कोणाच्या बाजूला यावरून तू आठवडाभर अबोला धरलास, पण माझ्या वाटणीची कॉफी रोज उकळून ठेवत होतास. आस्लाउग पोट धरून हसली. पुढचं मी सांगितलं नाही.

ते तुला ठाऊक आहे, पण मी कधी कागदावर उतरवलेलं नाही. पाच वर्षं भरल्यावर एकमेकांचे साक्षीदार आपणच. आधी माझी पाळी. "टोर्केल एक रात्रसुद्धा बाहेर राहिला नाही," असं तू बायबलवर हात ठेवून ठोकून दिलंस आणि बाहेर येऊन म्हणालास, "चल, आता काहीतरी पाज." वास्तविक एक अख्खा हिवाळा मी गावात एका वकिलाकडे कागदांच्या नकला करत होतो. दुसऱ्या दिवशी मला तुझ्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, बायको-पोरीला आणायला नॉर्वेला गेला होता, सात महिने. तुझी जमीन गेली. तू एवढंच म्हणालास, "खरं बोललास की रे. शाब्बास." समोर तो वकील बसला होता आणि मला त्याच्या हाताखाली जागा हवी होती. ती मिळाली. तेव्हापासून गाव मला सच्चा माणूस म्हणतं, आणि माझी वकिली त्यावरच चालते. मला त्याची लाज वाटते, सिव्हर्ट.

आता कायदा बदललाय. घरच्यांच्या आजारपणापायी झालेली गैरहजेरीही माफ होते. आस्लाउग ते सात महिने तुझ्या उशाशी होती, आणि तू मात्र गावभर सांगतोस, "मला काय धाड भरलीय? पोरगी पाहुणी आली होती." तुला झटका आला होता, उजवा हात लुळा पडला होता, तिने तुला घास भरवले, एवढं शपथेवर लिहून हवंय. डाव्या हाताने केलेली सहीसुद्धा चालते. माझ्या शब्दाखातर तू काही करावंस असा माझा हक्क उरलेला नाही. म्हणून सोबत माझाही शपथेचा कागद धाडतोय: त्या हिवाळ्यात मी कुठे होतो, तारखांसकट. माझ्यासाठी दिलेल्या त्या खोट्या साक्षीबद्दल आता तुला कोणी हात लावू शकत नाही. मुदत केव्हाच संपली, मी दोनदा तपासलं. मला मात्र हा कागद गावच्या वर्तमानपत्रात छापून आला की गावात तोंड दाखवता येणार नाही. तुझा कागद तेवीस तारखेच्या आत येऊ दे. माझ्याचं काय करायचं ते तू ठरव.

तुझाच,
टोर्केल